हलका डेस्कटॉप, जड वेब

लॉगिन झाल्यावर काहीही न उघडता मेमरी किती खर्च झाली आहे ते पाहिलं: ४२० एमबी. यात डेस्कटॉप आला, खालची पट्टी आली, वाय-फाय आणि आवाजाच्या खुणा आल्या, फाइल मॅनेजर आला. मग ब्राउझर उघडला आणि त्यात एकच पान. नाव, पत्ता, जन्मतारीख विचारणारा साधा अर्ज. पुन्हा आकडा पाहिला: १,४०० एमबी. लॅपटॉपमध्ये एकूण रॅम २ जीबी.

अर्जाच्या तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबला आणि सलग पेटून राहिला. माउसचा बाण उड्या मारत सरकायला लागला. ज्यांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. टाइप केलेलं अक्षर तीन-चार सेकंदांनी उमटतं, आपण वैतागून तेच बटण पुन्हा दाबतो, आणि मग दोन्ही क्लिक एकदमच लागू पडतात. अर्ज एकाऐवजी दोन पानं पुढे जातो, मागे यायची सोय नसते, आणि शेवटी 'तुमचं सत्र संपलं आहे' अशी पाटी येते.

४२० आणि १,४०० हे आकडे मला बरीच वर्षं दिसत होते, पण त्यांचा अर्थ मी लावत नव्हतो. जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून हलका लिनक्स (मोफत मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाका, हा सल्ला मी जो विचारेल त्याला दिला आहे, न विचारणाऱ्यालाही दिला आहे. सल्ला खोटा नव्हता. पण तो देताना मी हिशेबातला लहान आकडा समोरच्यापुढे ठेवायचो आणि मोठ्या आकड्याबद्दल गप्प बसायचो.

हा विषय अलीकडे पुन्हा वर आला तो १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेमुळे. त्या दिवशी विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. ज्यांनी वेगळी नोंदणी केली त्यांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, एवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, यंत्र सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारं सिक्युअर बूट लागतं आणि प्रोसेसर ठरावीक यादीतलाच लागतो. इंटेलचा असेल तर ढोबळमानानं आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतर बाजारात आलेला. त्याआधीचा लॅपटॉप १३ तारखेला धडधाकट होता. १५ तारखेला त्याचा एकही स्क्रू ढिला झालेला नव्हता, पडदा तसाच लख्ख होता, कीबोर्ड तसाच वाजत होता. तरी तो 'जुना' झाला. यंत्र झिजून जुनं होणं आणि कोणीतरी तारीख लावून जुनं ठरवणं यात फरक आहे, आणि आपण हल्ली दुसऱ्या प्रकारालाही निसर्गनियमासारखं मान खाली घालून स्वीकारतो.

याची दुसरी बाजू कचऱ्याची. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे ती फक्त २२.३ टक्क्यांची. लॅपटॉपच्या बाबतीत पर्यावरणावरचा बोजा वापरताना जितका पडतो त्याहून बराच जास्त तो कारखान्यात तयार होतानाच पडून गेलेला असतो. त्यामुळे आहे ते यंत्र आणखी चार वर्षं वापरणं हा हौशी लोकांचा छंद राहत नाही. तो सगळ्यांच्या हिताचा प्रश्न होतो, आणि म्हणूनच त्याचं उत्तर 'लिनक्स टाका' या दोन शब्दांत देऊन मोकळं होता येत नाही.

आधी हलका डेस्कटॉप नक्की काय करतो ते पाहू, कारण तो जे करतो ते खरंच चांगलं आहे.

'हलका लिनक्स' हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सगळीकडे जवळपास तोच असतो. वजन चढतं ते वरच्या थरांत. ग्नोमसारखा भरगच्च डेस्कटॉप नुसता उभा राहायला एक जीबीच्या आसपास मेमरी घेतो. १९९६ पासून चालत आलेला एक्सएफसीई त्याच्या निम्म्यात भागवतो. एलएक्सक्यूटी आणखी थोडा कमी घेतो. आणि अँटीएक्ससारखा डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा तयार संच) आइसडब्ल्यूएम हा खिडक्या मांडण्यापुरता साधा विंडो मॅनेजर लावून दोन-अडीचशे एमबीत संसार थाटतो. ८ जीबीच्या यंत्रावर हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. २ जीबीवर मात्र ब्राउझर उघडायच्या आधी हातात दीड जीबी शिल्लक आहे की पाऊण, यावर सगळं ठरतं.

पण इथेच एक चकवाही आहे. लुबंटू बरा की एमएक्स, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी की बोधी, अशा डिस्ट्रोंच्या वादात मी आयुष्यातले किती रविवार घालवले ते सांगत नाही. पेन ड्राइव्हवर एकामागून एक आयएसओ (डिस्ट्रोच्या इन्स्टॉल करायच्या फाइली) चढवायच्या, प्रत्येकात लॉगिन करून मेमरीचा आकडा वहीत लिहायचा, आणि चाळीस एमबी वाचले म्हणून खूश व्हायचं. त्याच वेळी ब्राउझरमधला एक टॅब दोनशे एमबी घेऊन निवांत बसलेला असायचा. घरातल्या बादलीला भोक असताना पेल्यातलं पाणी मोजत बसण्यासारखं होतं ते. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी यांतला फरक एका बऱ्यापैकी फुगलेल्या टॅबपेक्षा कमी आहे. ज्याची मांडणी डोळ्यांना पटते तो घ्यावा आणि पुढे जावं.

खरा फरक पडला तो दोन गोष्टींनी, आणि दोन्हींचा डेस्कटॉपशी संबंध नव्हता.

पहिली गोष्ट म्हणजे हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचायला तबकडी फिरून सुईखाली यावी लागते आणि सुईलाही आपल्या जागी सरकावं लागतं. त्यामुळे इकडचं थोडं, तिकडचं थोडं असं वाचायचं असेल तर सेकंदाला शंभरेक वाचनं झाली तरी खूप. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. साधीसुधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारोंनी वाचनं करते. प्रोग्राम उघडणं हे बहुतांशी असं विखुरलेलं वाचनच असतं. लॅपटॉप मंद झाला म्हणून आपण प्रोसेसरला शिव्या घालतो, तेव्हा तो बिचारा बहुतेक वेळ डिस्कची वाट पाहत रिकामा बसलेला असतो. जाता जाता एक गंमत: माझ्या या जुन्या लॅपटॉपची पाठ उघडायला दोन स्क्रू काढावे लागले, आत डिस्कही बदलता येते आणि रॅमही. आजच्या कित्येक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच कायमची जोडलेली असते. दहा वर्षांनी आजचे लॅपटॉप जुने होतील तेव्हा ही सोयसुद्धा नसेल.

दुसरी गोष्ट झेडरॅम. मेमरी कमी पडली की सिस्टिम मेमरीचे सध्या न लागणारे तुकडे, म्हणजे 'पानं', डिस्कवरच्या स्वॅप या राखीव जागेत ढकलते, आणि तिथेच सगळं अडकतं. झेडरॅम ही पानं डिस्कवर पाठवण्याऐवजी दाबून, आवळून रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवतो. साधारण दोन-तीन पानांची जागा एका पानात बसते. प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण डिस्कची वाट पाहण्यापुढे ते काहीच नाहीत. २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीपासून ते मुख्य कर्नलचा भाग झालं, आणि २०२० मध्ये फेडोरा ३३ या डिस्ट्रोनं ते मुळातच चालू करून द्यायला सुरुवात केली. इतर ठिकाणी एक छोटं पॅकेज टाकलं की काम होतं. जुन्या यंत्रासाठी अलीकडच्या वर्षांत लिनक्समध्ये झालेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट कोणती असं विचारलं, तर मी कुठल्याही डेस्कटॉपचं नाव न घेता झेडरॅमचं घेईन.

एवढं सगळं करून तोच अर्ज पुन्हा उघडला. या वेळी यंत्र कोलमडलं नाही, अर्ज भरून झाला. मेमरीचा आकडा मात्र तसाच होता, १,४०० च्या आसपास.

हा आकडा कुठून येतो? सगळा दोष ब्राउझरवर ढकलता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. एका साइटचा कोड दुसऱ्या साइटची गुपितं मेमरीतून ओढून काढू शकेल, हा धोका खरा होता. म्हणून त्याच वर्षी क्रोमनं प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेसमध्ये बसवायला सुरुवात केली, आणि २०२१ मध्ये फायरफॉक्सनंही तोच मार्ग धरला. भिंती वाढल्या की जागा जास्त लागणारच. तेवढं वजन मी कुरकुर न करता उचलीन, कारण ते माझ्या सुरक्षिततेसाठी आहे.

माझी तक्रार उरलेल्या वजनाबद्दल आहे. चार चौकटी आणि एक बटण दाखवायला शेकडो फाइली कशाला उतरवाव्या लागतात? ज्याला करून पाहायचं असेल त्यानं हा प्रयोग करावा. जड वाटणारं एखादं पान आधी तसंच उघडावं, मग जाहिराती आणि पाठलाग करणाऱ्या स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेन्शन लावून उघडावं. मेमरी उतरते, पंखा शांत होतो, आणि पानावरचा मजकूर, चित्रं, अर्ज, सगळं जागच्या जागी असतं. म्हणजे जे अडवलं ते माझ्यासाठी आलेलंच नव्हतं. ते माझ्या रॅममध्ये राहायचं, माझ्या बॅटरीवर चालायचं आणि काम दुसऱ्या कोणाचं तरी करायचं.

व्हिडिओच्या बाबतीत हाच व्यवहार जास्त स्पष्ट दिसतो. एच.२६४ या जुन्या पद्धतीनं साठवलेला व्हिडिओ उलगडायला ग्राफिक्स चिपमध्ये खास जागा राखलेली असते, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही तो हसत-खेळत दाखवतो. व्हीपी९ आणि एव्ही१ या नंतरच्या पद्धतींत त्याच दर्जाची फाइल लहान होते. पण इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ ची पुरेशी सोय आली ती सातव्या पिढीच्या सुमारास, आणि एव्ही१ ची २०२० मध्ये, अकराव्या पिढीत. त्याआधीच्या यंत्रात हे काम प्रोसेसरला एकट्यानं ओढावं लागतं. व्हिडिओ अडखळतो, पंखा घरघरतो, मांडी तापते. इकडे व्हिडिओ पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून कमी डेटा जातो, त्याचा खर्च वाचतो. पाहणाऱ्याचाही डेटा वाचतो, हे मान्य केलं पाहिजे. पण त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तुला डेटा वाचवायचा आहे की प्रोसेसर. माझ्या लॅपटॉपवर मी एक छोटं एक्स्टेन्शन टाकलं, जे साइटला सांगतं की या ब्राउझरला फक्त एच.२६४ कळतं. त्याच क्षणी तोच व्हिडिओ ७२० च्या दर्जात सुरळीत चालायला लागला. यंत्र तेच होतं, डेस्कटॉप तोच होता, फक्त मी एक थाप मारली होती.

मग हलके ब्राउझर वापरावेत, असं कोणी म्हणेल. वापरून पाहिले. डिल्लो डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो. त्यावर कित्येक वर्षं काम थंडावलं होतं, २०२४ मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण त्याला जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानांवरची हालचाल चालवणारी भाषा, कळत नाही. साधा मजकूर वाचायला तो उत्तम, आणि अर्ज भरायला गेलं की कोरं पांढरं पान. एका कार्यालयाच्या साइटनं मला 'तुमचा ब्राउझर जुना आहे, कृपया अद्ययावत करा' असं सांगितलं, आणि तो ब्राउझर त्याच महिन्यात आलेला होता. त्याचं नाव त्यांच्या यादीत नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

आता ज्या आक्षेपांकडे माझ्यासारखे लोक काणाडोळा करतात त्यांच्याबद्दल.

सुरक्षिततेचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. लिनक्स टाकला की अपडेट मिळत राहतात हे खरं, पण प्रोसेसरच्या आतल्या मायक्रोकोडचं, म्हणजे खुद्द प्रोसेसर चालवणाऱ्या सूचनांचं, काय? एप्रिल २०१८ मध्ये इंटेलनं स्पेक्टरवरचा मायक्रोकोड आपल्या काही जुन्या पिढ्यांना देणार नसल्याचं स्पष्ट केलं, आणि त्यात पेनरिन होती, म्हणजे २००८ च्या सुमारास बऱ्याच लॅपटॉपमध्ये असलेली पिढी. कर्नल आपल्या परीनं काही भोकं बुजवतो, आणि त्याचा भुर्दंड वेगात मोजावा लागतो. तो आधीच मंद यंत्राला जास्त जाणवतो. तरीही अपडेट बंद झालेल्या सिस्टिमवर बसून राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं मत आहे. फक्त 'लिनक्स आहे, आता काळजी नाही' असं मी म्हणणार नाही.

विजेचा आक्षेप लॅपटॉपपुरता फारसा टिकत नाही. जुना आणि नवा यांच्यात काही वॉटचा फरक पडतो, तेवढ्यासाठी नवं यंत्र बनवण्याचा बोजा भरून निघायला फार वर्षं लागतील. पेंटियम ४ चा जुना डेस्कटॉप कोणी दिवसभर चालू ठेवत असेल तर मात्र त्याला मी हात जोडून निवृत्त करा म्हणेन.

आणि मग वेळ. हलकेपणा म्हणजे कोणीतरी काहीतरी काढून टाकलेलं असतं. काय काढलं ते आपल्याला ठाऊक असावं लागतं, आणि ते ठाऊक नसलं की कसं होतं याचा एक नमुना सांगतो. दोन वर्षं कपाटात पडलेला एक लॅपटॉप मी एका अतिशय हलक्या डिस्ट्रोवर चालू केला. वाय-फाय जोडलं गेलं, पण एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्र अवैध असल्याचा इशारा. पॅकेज उतरवायला गेलो तर तेही म्हणे, ही यादी अजून वैध झालेली नाही. अजून? मी तासभर वाय-फायच्या ड्रायव्हरशी झटापट केली. शेवटी सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०१०. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा बटणासारखा सेल मेला होता, आणि लॅपटॉपच्या मते ती प्रमाणपत्रं भविष्यातून आली होती. भरलेल्या डेस्कटॉपमध्ये इंटरनेट लागताच घड्याळ आपोआप जुळवून घेणारी सेवा असते. इथे ती चालू नव्हती. मला हे शोधून काढण्यात मजा आली. ज्याला अर्ध्या तासात अर्ज भरून कामाला जायचं आहे त्याला कशाला येईल?

म्हणूनच जुने लॅपटॉप गोळा करायचे, त्यांच्यावर हलका लिनक्स टाकायचा आणि गरजू विद्यार्थ्यांना वाटायचे, या उपक्रमांबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे. हेतू चांगला असतो. पण दिलेल्या यंत्राबरोबर ते सांभाळणारा माणूस दिला जात नाही. देणाऱ्याचं कपाट रिकामं होतं, मनही भरतं, आणि घेणाऱ्याच्या गळ्यात तासाला एकदा अडकणारं यंत्र पडतं. वर त्यानं उपकार मानायचे. ४ जीबी रॅम, एसएसडी, चालणारी बॅटरी, आणि अडलं तर विचारायला एक माणूस, एवढं जमत असेल तर जरूर द्यावं. नाही तर आपली अडगळ आपणच रीतसर कचऱ्यात द्यावी.

लिनक्सच्या गोटातही सगळं आलबेल नाही. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतला तो ३८६ प्रोसेसरच्या यंत्रावर. त्याच ३८६ चा आधार २०१३ मध्ये, ३.८ आवृत्तीपासून कर्नलमधून काढला गेला, आणि स्वतः टॉर्वाल्ड्स यांनी त्यावर टिपं गाळली नाहीत. आपण भावुक नाही, गेलं ते बरं झालं, असाच त्यांचा सूर होता. आता पाळी ३२ बिटची, म्हणजे आजच्या ६४ बिटच्या आधीच्या प्रोसेसरांची आहे. क्रोमनं ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या डिस्ट्रोला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सनंही १४५ व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्सला निरोप दिला. २००८ च्या छोट्या नेटबुकांत जो अ‍ॅटम एन२७० हा प्रोसेसर असायचा त्याला ६४ बिट येतच नाही, म्हणजे त्या सगळ्या यंत्रांचा रस्ता इथे संपत आला.

मग विंडोजनं तारीख लावली तर अन्याय आणि डेबियननं लावली तर व्यवहार, असं कसं? प्रश्न रास्त आहे. फरक असा की डेबियननं दार बंद केलं त्याचं कारण उघड्यावर चर्चेला होतं: तपासायला माणसं नाहीत, यंत्रं नाहीत, वापरणारे कमी उरले. कोणाला पुढे चालवायचं असेल तर सगळा कोड समोर आहे. आर्च या डिस्ट्रोनं २०१७ मध्ये ३२ बिट सोडलं तेव्हा काही जणांनी ते आर्च लिनक्स ३२ या नावानं पुढे चालू ठेवलंच. शिवाय इथे जी यंत्रं वगळली ती पंधरा वर्षांच्या पुढची, तिथे वगळलेली कित्येक आठ वर्षांचीच. तरीही मी हे जास्त ताणणार नाही. ब्राउझरच मिळाला नाही तर कोड उघडा असण्याचा सामान्य माणसाला काय उपयोग? ३२ बिटचं यंत्र आता लिहायला, गाणी ऐकायला, इंटरनेटपासून दूरची कामं करायला ठेवावं. ६४ बिट, ४ जीबी आणि एसएसडी असेल तर बेधडक वापरावं. २ जीबीवर काम होतं, पण ते दुसऱ्याच्या मर्जीवर होतं, आणि तो दुसरा म्हणजे वेबसाइट बनवणारा.

त्यामुळे माझी मागणी आता लॅपटॉपवाल्याकडे कमी आणि वेबवाल्याकडे जास्त आहे. बातम्यांची किंवा खरेदीची साइट जड असेल तर मी दुसरीकडे जाईन. पण ज्या साइटला पर्यायच नाही, जिथे कर भरायचा, दाखला मागायचा, परीक्षेचा अर्ज करायचा, तिथे ती जुन्या यंत्रावर चाललीच पाहिजे, ही सोय म्हणून नको, नियम म्हणून हवी. कार्यालयाच्या दारात पायऱ्यांशेजारी उतार बांधावा लागतो ना, तसं.

हे होऊ शकतं का? ब्रिटनच्या सरकारी सेवांची साइट, गव्ह डॉट यूके, हे उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. तिथल्या मार्गदर्शक नियमांत साध्या एचटीएमएलवर, म्हणजे पानाच्या मूळ सांगाड्यावर, सेवा उभी करा, बाकीची सजावट त्यावर चढवा, असं सांगितलेलं आहे. २०२२ मध्ये त्यांनी आपल्या पानांमधून जेक्वेरी ही जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी काढून टाकली. तिचं वजन जेमतेम ३२ केबी. ३२ केबीसाठी एवढा खटाटोप का, असं कोणालाही वाटेल. पण जावास्क्रिप्टचे ३२ केबी आणि चित्राचे ३२ केबी सारखे नसतात. चित्र दाखवलं की संपलं, स्क्रिप्ट मात्र वाचावी लागते, समजून घ्यावी लागते, चालवावी लागते, आणि मंद प्रोसेसरवर तो वेळ कळतो. ज्यांच्याकडे चांगली यंत्रं होती त्यांना फरक जाणवलाही नसेल. तो बदल त्यांच्यासाठी नव्हताच.

'अशी जुनी यंत्रं वापरणारे आहेतच किती? आमच्या आकडेवारीत तर दिसत नाहीत,' हे उत्तर ठरलेलं असतं. त्याच साइटच्या मंडळींनी २०१३ मध्ये हे मोजून पाहिलं होतं. त्यांच्या पाहुण्यांपैकी १.१ टक्का लोकांपर्यंत जावास्क्रिप्ट पोचतच नव्हती. त्यातल्या ०.२ टक्क्यांनी ती मुद्दाम बंद केली होती किंवा त्यांच्या ब्राउझरला ती येत नव्हती, उरलेल्या ०.९ टक्क्यांपर्यंत ती वाटेत कुठेतरी अडखळून पोचली नव्हती. आता बहुतेक साइटची पाहुणेमोजणी होते तीच मुळी जावास्क्रिप्टनं. ज्याचं पान अर्धवट उघडून थिजलं, जो कंटाळून निघून गेला, तो त्या मोजणीत येणार कसा? दारातून आत येता न आलेल्या माणसाची सही आतल्या वहीत शोधायची आणि सही नाही म्हणून कोणी आलंच नाही म्हणायचं, असा हा प्रकार.

यंत्र बनवणाऱ्यांकडेही मागणी आहेच, पण तिथे निदान हालचाल दिसते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटसाठी नवे नियम लागू झाले; मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट मोफत मिळण्याची तरतूद त्यांत आहे. लॅपटॉप त्या नियमांत नाही. खिशातल्या यंत्राला लागू होतं ते मांडीवरच्या यंत्राला का होऊ नये, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

वेबसाइटवाल्यांच्या बाबतीत तर कायदा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. एखादी सेवा स्वीकारण्यापूर्वी ती २ जीबीच्या यंत्रावर एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पावतीपर्यंत चालवून दाखवा, एवढी एक ओळ कंत्राटात घातली तरी बरंच काही बदलेल. जुनं यंत्र सापडत नसेल तरी अडत नाही. क्रोममध्ये डेव्हलपरसाठी जी साधनं असतात, त्यांत प्रोसेसर मुद्दाम चौपट किंवा सहापट मंद करून पान कसं चालतं ते बघायची सोय गेली कित्येक वर्षं आहे. पान बनवणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ते बटण आधीपासूनच आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये ते कायमचं दाबलेलं आहे, इतकाच फरक.